मंजूर नकाशात उन्हाचा रकाना कुठे आहे? नगरविकास विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई 400 032

विषय: निवासी इमारतींची भिंत, छत आणि खिडक्यांसाठीची ऊर्जा संहिता बांधकाम परवानगीच्या वेळीच सक्तीची करण्याबाबत

महोदय,

मी नागपुरात इमारतींची अंदाजपत्रकं तयार करते. नकाशा हाती आला की वीट किती, सिमेंट किती, सळई किती, खिडक्यांचे चौरस फूट किती हे काढून देणं माझं काम. त्यामुळे मंजूर नकाशे सतत टेबलावर असतात आणि त्यांत काय काय तपासलं गेलंय तेही दिसतं. इमारतीभोवती सोडायची सामासिक अंतरं तपासलेली असतात. चटईक्षेत्राचं कोष्टक दशांशापर्यंत जुळवलेलं असतं. पार्किंग, जिन्याची रुंदी, पर्जन्यजल संधारणाचा खड्डा, सोलर वॉटर हीटर, सगळं जागच्या जागी. मात्र या घरात मे महिन्यात माणूस राहू शकेल का, हे कुणी विचारल्याची खूण माझ्यासमोर आलेल्या नकाशांवर मला कधी दिसली नाही.

हा प्रश्न माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातला आहे, तसाच घरातलाही. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई उन्हाळ्यात आपली खोली सोडून हॉलमध्ये जमिनीवर झोपतात. एप्रिल सुरू झाला की विजेचं बिल वरच्या टप्प्यात उडी मारतं आणि जून संपेपर्यंत खाली येत नाही. नागपूरला ऊन नवीन नाही. मे 2013 मध्ये इथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. (2024 च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष ठरवला. आम्हा नागपूरकरांना मात्र तो आकडा फारसा खोटा वाटला नव्हता.) ऊन आहे, राहणार आहे आणि वाढणार आहे. तक्रार उन्हाबद्दल नाही, ते आत घेणारी घरं कायदेशीरपणे मंजूर होतात याबद्दल आहे.

संहिता नाही म्हणून हे अडलंय असंही नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने व्यापारी इमारतींसाठी 2007 मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आणली आणि 2017 मध्ये ती सुधारली. घरांसाठीची ईको-निवास संहिता 14 डिसेंबर 2018 ला आली. 2022 मध्ये संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा दुरुस्त केला. 1 जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या त्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या आणि संहिता लागू होण्यासाठीची 100 किलोवॅट जोडभाराची (इमारतीत जोडलेल्या सगळ्या उपकरणांच्या एकूण क्षमतेची) मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. 2024 मध्ये ब्युरोने संहिता पुन्हा अद्ययावत केली. दरम्यान, 2 डिसेंबर 2020 ला आपल्या विभागाने मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. इतकी मोठी नियमावली नव्याने लिहिली जात असताना दोन वर्षांपूर्वीची घरांची संहिता तिच्यात सक्तीची करून घेण्याची संधी होती. ती गेली, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती पुढची पन्नास वर्षं तशाच राहणार आहेत.

ही संहिता काही अवघड शास्त्र सांगत नाही. भिंती आणि खिडक्या मिळून घराच्या दर चौरस मीटर बाह्यांगातून सरासरी 15 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. छताचा उष्णतावहन गुणांक, म्हणजे त्यातून उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, 1.2 च्या वर नसावा; तो जितका कमी तितकं घर थंड. खिडक्यांचा प्रत्यक्ष उघडणारा भाग हवामानानुसार घराच्या चटईक्षेत्राच्या अमुक टक्के असावा, आणि काचेतून पुरेसा उजेड यावा. बस. हे काढायला लागणारी सगळी मापं नकाशात आधीच असतात. मी मोजते तीच मापं.

आता जिथे पाणी मुरतंय त्या जागा सांगते.

सुरुवात भिंतीपासून करते. उंच इमारतींत सध्या अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कची पद्धत रूढ झाली आहे. भिंत आणि स्लॅब एकदमच काँक्रिटमध्ये ओतायचे, आठवड्याला एक मजला चढवायचा. वेग मिळतो, प्लास्टर जवळजवळ लागत नाही, गळती कमी होते. या पद्धतीचे हे गुण मी नाकारत नाही. पण 150-160 मिलिमीटरच्या उघड्या काँक्रिट भिंतीचा गुणांक साडेतीनच्या वर जातो. जुन्या 9 इंची विटेच्या, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या भिंतीचा दोनच्या आसपास असतो. 200 मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकचा (हवेच्या बारीक पोकळ्या असलेला हलका काँक्रिट ब्लॉक) एकाच्याही आत. पश्चिमेची 10 चौरस मीटर भिंत घ्या आणि दुपारच्या उन्हाने आत-बाहेरच्या तापमानात 15 अंशांचा फरक पडला असं धरा. काँक्रिटमधून साधारण 540 वॅट उष्णता आत येईल, ब्लॉकमधून 120. घर तेच, दिशा तीच, सूर्यही तोच. फरक फक्त भिंत कशाची यात आहे, आणि ते ठरवताना राहणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. फॉर्मवर्क बंद करा असं मी म्हणत नाही. त्यावर बाहेरून उष्णतारोधक थर द्या, पश्चिमेला सावली द्या, रंग फिका ठेवा. 15 वॅटची मर्यादा पाळायला भाग पाडलं की डिझाइनर आपोआप मार्ग काढतात. आज त्यांना काढावाच लागत नाही.

त्याच भिंतीची दुसरी बाजूही आहे. काँक्रिटची भिंत म्हणजे जास्त सिमेंट आणि जास्त सळई. सिमेंटची भट्टी चालते तेव्हा कोळशाचा धूर निघतोच, त्याखेरीज चुनखडी फुटतानाही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीतून निघणाऱ्या, दळून सिमेंट होणाऱ्या एक टन क्लिंकरमागे नुसत्या त्या रासायनिक क्रियेतून सुमारे अर्धा टन. हे क्लिंकर मुंबई-पुण्याला कुठून जातं हे आम्हाला शिकवायला नको. गडचांदूर, कोरपना, घुग्घूस ही सिमेंट कारखान्यांची गावं आमच्याच बाजूला आहेत. राखमिश्रित सिमेंटमध्ये 35 टक्क्यांपर्यंत राख चालते, चुनखडी आणि भाजलेल्या मातीच्या मिश्रणाच्या सिमेंटलाही 2023 मध्ये भारतीय मानक मिळालं. तरी निविदेत ‘ओपीसी 53 ग्रेडच’ (म्हणजे राख न मिसळलेलं, जास्त क्लिंकरचं सिमेंट) अशी ओळ डोळे झाकून उतरवली जाते. जिथे तिची गरज आहे तिथे हरकत नाही. पण प्लास्टरला आणि विटांच्या जोडकामालाही?

छताबद्दल थोडक्यात. 150 मिलिमीटरच्या उघड्या स्लॅबचा गुणांक तीनच्या वर असतो, म्हणजे संहितेच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. विटांचा कोबा केला तर तो उतरतो, पण 1.2 पर्यंत येत नाही. त्यासाठी इन्सुलेशनचा थर हवा, आणि वर चायना मोझॅक किंवा परावर्तक रंग. माझ्या अनुभवात अंदाजपत्रकात ही बाब आलीच तर पहिल्या कपातीत उडते, कारण ती दिसत नाही. लॉबीतला इटालियन मार्बल दिसतो, तो राहतो. मी स्वतः दोन्ही बाबींचे दर लावलेले आहेत, म्हणून सांगते: सात मजली इमारतीच्या गच्चीवरच्या उष्णतारोधक थराचा खर्च सगळ्या फ्लॅटमध्ये वाटला तर एका घराच्या वाट्याला येणारा आकडा मॉड्युलर किचनच्या एखाद्या ट्रॉलीच्या आसपास भरतो.

खिडकी. हा विषय मला सगळ्यात जास्त छळतो, कारण इथे फसवणूक कागदावर दिसतच नाही. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी बसवा, उघडते अर्धीच. नकाशात मात्र पूर्ण खिडकीचं क्षेत्रफळ वायुवीजन म्हणून मोजलं जातं. ईको-निवास संहिता म्हणते, स्लायडिंग असेल तर 50 टक्केच धरा, पल्ल्याची असेल तर 90 टक्के. नागपूर ज्या संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात मोडतं तिथे उघडणारा भाग घराच्या चटईक्षेत्राच्या किमान 12.5 टक्के हवा. हे गणित अख्ख्या घराचं असतं, पण एका खोलीवर करून पाहा. 12 चौरस मीटरची बेडरूम घेतली तर दीड चौरस मीटर खरं उघडणारं तावदान हवं. आपल्याकडची नेहमीची 4 बाय 4 फुटांची स्लायडिंग तेवढ्याच मापाची असते, आणि उघडते त्याच्या निम्मी. त्यावर छज्जाही नसतो, कारण एलेव्हेशनमध्ये तो ‘जुनाट’ दिसतो. साध्या छज्जाला चटईक्षेत्र लागत नाही, तरी तो दिला जात नाही. बाल्कनी द्यावी तर ती चटईक्षेत्रात मोजली जाते, म्हणून तीही आक्रसते. आमच्या आजोबांच्या घराला पडवी होती, तिचा हिशेब कुठल्या कोष्टकात बसवायचा ते आता आपणच सांगा.

खिडकीचा हा प्रश्न विदर्भात आणखी टोकाचा का आहे, तेही सांगायला हवं. आमच्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असते आणि कूलर तेव्हा सुरेख चालतो. वाळ्याच्या ताट्या, पाण्याची टाकी, 200 वॅटच्या आसपासचा पंखा. एवढ्यात एक खोली माणसाला निजता येईल इतकी थंड होते. दीड टनी एसी त्याच खोलीसाठी तासाला एक युनिट किंवा जास्त ओढतो. पण कूलरला एक अट आहे: एका बाजूने आत आलेली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर गेली पाहिजे, नाही तर खोली दमट होते, अंग चिकट होतं आणि माणूस वैतागून एसीच्या दुकानात जातो. आताच्या फ्लॅटमध्ये बेडरूमला एकच बाहेरची भिंत असते. तिच्यात अर्धी उघडणारी खिडकी, समोर बंद दार. कूलर ठेवायला बाहेर आधार नाही, पाण्याची जोडणी नाही. म्हणजे 200 वॅटवर भागणाऱ्या कुटुंबाला आपण नकाशातच एसीकडे ढकलतो.

एसी आला की पुढचा खेळ डक्टमध्ये. शौचालयाच्या पाइपांसाठी ठेवलेल्या अरुंद डक्टमध्ये मजल्यामागून मजला एसीचे आउटडोअर युनिट एकावर एक टांगलेले असतात. खालच्याची गरम हवा वरच्याला मिळते आणि वरचं यंत्र तीच गरम हवा ओढून आणखी जोर लावतं. पाच तारे लावून घेतलेला एसी अशा डक्टमध्ये किती ताऱ्यांचा उरतो, याचा विचार मंजुरीच्या वेळी कुणी करत नाही. दुरुस्तीला आत उतरणारा कारागीर जिवावर उदार होऊन काम करतो, त्याला धरायला आडवी पट्टीसुद्धा नसते.

हे सगळं विजेच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचतं, आणि ते टोकही आमच्याच अंगणात आहे. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, दक्षिणेला चंद्रपूरचं 2,920 मेगावॅटचं केंद्र. कोराडीत 660 मेगावॅटचे आणखी दोन संच आणायचे म्हणून मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा नागपूरकरांनी विरोध केला. 2022 च्या पावसाळ्यात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, ती राख शेतांत आणि पाण्यात गेली. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. रात्रभर चालणारा एक एसी आठ-दहा युनिट घेतो, म्हणजे सहा-सात किलो. एका खोलीचे, एका रात्रीचे. 30 मे 2024 ला देशाची विजेची कमाल मागणी 250 गिगावॅटला पोचली, ती उगाच मे महिन्याच्या शेवटी नाही. केंद्राच्या 2019 च्या शीतकरण कृती आराखड्यानुसार 2037-38 पर्यंत देशाची थंडाव्याची गरज 2017-18 च्या तुलनेत आठ पट होणार आहे. ती गरज भागवायला आणखी संच उभारायचे की आधी भिंती सुधारायच्या, हा निर्णय ऊर्जा विभागाचा जितका, त्याहून जास्त आपल्या विभागाचा आहे. मुंबई महापालिकेने 2022 मध्ये काढलेल्या वातावरण कृती आराखड्यात शहराच्या उत्सर्जनातला सुमारे 72 टक्के वाटा मुख्यतः इमारतींमधल्या ऊर्जावापराचा निघाला, वाहतुकीचा 20 टक्क्यांच्या आसपास. आणि आपण मात्र प्रदूषण म्हटलं की गाडीच्या पीयूसीची आठवण काढतो.

केंद्र सरकारने जानेवारी 2020 पासून तारांकित एसीचं मूळ सेटिंग 24 अंशांवर आणलं. जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी 20 ते 28 अंशांच्या मर्यादेतच चालावा असा विचार बोलून दाखवला. ठीक आहे, करा. पण माझ्या रिमोटवरच्या आकड्याची इतकी काळजी असलेल्या शासनाला माझ्या भिंतीच्या आकड्याशी काहीच देणंघेणं नसावं, हे जरा विचित्र नाही का? पंचवीस हजारांचा फ्रिज घेताना त्याच्या दारावर तारे आणि वर्षाचे युनिट छापलेले असतात, तेही कायद्याने. साठ लाखांचा फ्लॅट घेताना माहितीपत्रकात स्विमिंग पूलच्या टाइल्सचा रंग कळतो, पण भिंतीतून किती उष्णता येणार ते कळत नाही. निवासी इमारतींना तारे देण्याची ब्युरोची योजना आहे, पण ती ऐच्छिक. ज्याला तारे मिळणार नाहीत तो मागायला कशाला जाईल?

हरित मानांकनाचं म्हणाल तर आपल्या धोरणात त्यासाठी 3, 5 आणि 7 टक्के जादा चटईक्षेत्राचं प्रोत्साहन आहे. कल्पना चांगली आहे. पण ते चटईक्षेत्र विकलं जातं आणि पैसे वसूल होतात ते इमारत उभी राहतानाच. त्या इमारतीने पुढे दर चौरस मीटरला वर्षाकाठी खरंच किती युनिट वापरले, हा आकडा घर घेणाऱ्यालाही दिसत नाही आणि शेजाऱ्यालाही. ज्या जनतेच्या रस्त्यावर आणि ड्रेनेजवर त्या जादा बांधकामाचा भार पडतो, तिला निदान ते कळायला हवं.

‘घर महाग होईल’ हे उत्तर मला माहीत आहे. बैठकीत ते नेहमी येतं, कधी कधी माझ्याच अंदाजपत्रकाचा दाखला देऊन. म्हणून या विषयावर एवढंच म्हणते की, महाग कुणासाठी हे आधी ठरवू. बांधणारा एकदाच खर्च करतो आणि निघून जातो. बिल राहणारा भरतो, तीस-चाळीस वर्षं. एएसी ब्लॉक वजनाला हलका असल्याने सळई वाचते. छज्जा ही काही महागडी वस्तू नाही. पल्ल्याची खिडकी स्लायडिंगपेक्षा महाग पडते, हे खरं. फिका रंग गडद रंगाइतक्याच किमतीत मिळतो. इमारतीची दिशा आणि खिडक्यांची जागा ठरवताना पेन्सिल लागते, पैसे नाहीत. उलट एकदा बांधून झाल्यावर भिंत सुधारणं म्हणजे परांची, परवानग्या, सोसायटीची सर्वसाधारण सभा आणि भांडणं. त्या खर्चाचे आकडेही मी काढून देते, आणि बहुतेक वेळा ते फाइलमध्येच राहतात.

आणखी एक गोष्ट, जी मुंबईत बसून कदाचित दिसत नसेल. 2018 ची संहिता 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांसाठी होती, म्हणजे साधारण 5,400 चौरस फूट. नागपुरातल्या कितीतरी जुन्या ले-आउटमधले प्लॉट दीड ते तीन-चार हजार चौरस फुटांचे आहेत. त्यांवर पार्किंग अधिक चार मजले उभे राहतात आणि तेच आमच्या शहराचं खरं रूप आहे. संहिता उद्या जशीच्या तशी लागू झाली तरी ही घरं सुटणार. मग मोठ्या टॉवरमधल्यांना सावली आणि गल्लीतल्यांना ऊन असा नवाच भेद होईल.

शासन स्वतः बांधतं त्या घरांचं काय, हे वेगळं विचारायला नको. पंतप्रधान आवास योजनेतली घरं, पोलिस वसाहती, वसतिगृहं, टिनाच्या छपराखालच्या शाळाखोल्या. तिथे एसी लावण्याची ऐपत कुणाची नाही, म्हणून तिथली उष्णता बिलात दिसत नाही. ती माणसांच्या अंगावर निघते.

हे जमण्यासारखं आहे याचा पुरावा आमच्या हद्दीला लागूनच आहे. राजुऱ्याच्या पुढे गेलं की तेलंगण. तिथे व्यापारी इमारतींची ऊर्जा संहिता हैदराबादच्या ऑनलाइन बांधकाम परवानगीला जोडली गेली. 2023 मध्ये त्यांनी शीत छत धोरण आणलं. सरकारी आणि व्यापारी इमारतींना परावर्तक छत सक्तीचं, घरांसाठी 600 चौरस यार्ड आणि त्यावरच्या भूखंडांना. ऊन तिथेही आमच्यासारखंच पडतं आणि बांधकाम व्यवसाय तिथेही बंद पडलेला नाही.

म्हणून या पत्राद्वारे पुढील मागण्या करत आहे.

1. ईको-निवास संहितेची सध्याची आवृत्ती एकत्रिकृत नियमावलीत सक्तीची करावी आणि 500 चौरस मीटर व त्यावरच्या भूखंडांना तिच्या पूर्ततेशिवाय बांधकाम परवानगी देऊ नये. 2022 च्या दुरुस्तीने मिळालेला मर्यादा कमी करण्याचा अधिकार वापरावा. या विषयावर विभागाने आणि महाऊर्जाने (राज्याच्या ऊर्जा विकास अभिकरणाने) आजवर जी काही कार्यवाही केली असेल ती मसुद्यांसह संकेतस्थळावर टाकावी.

2. छोट्या भूखंडांसाठी एका पानाचा तक्ता असावा: छताचा थर कोणता, पश्चिमेची भिंत कशाची, खिडक्यांवर सावली किती, उघडणारं क्षेत्र किती. गणित नको, हो-नाहीत उत्तरं चालतील. रत्नागिरीचा तक्ता वेगळा आणि नागपूरचा वेगळा. दमट किनाऱ्यावर वारा खेळणं महत्त्वाचं, आमच्याकडे ऊन अडवणं.

3. एसी वा कूलरसाठी प्रत्येक बेडरूमला बाहेरून मोकळी, दुरुस्तीला सुरक्षित जागा नकाशातच दाखवणं बंधनकारक करावं. डक्टमध्ये आउटडोअर युनिट टांगायला मनाई करावी.

4. गृहनिर्माण विभाग आणि महारेराशी बोलून भिंत, छत आणि उघडणाऱ्या खिडकीचे आकडे प्रकल्पाच्या नोंदणीत आणि विक्री करारनाम्यात आणावेत. चटईक्षेत्र कमी भरलं तर दाद मागता येते, तशी याबाबतही मागता यावी.

5. जादा चटईक्षेत्र घेतलेल्या प्रत्येक हरित इमारतीचा दर चौरस मीटर वार्षिक वीजवापर भोगवटा प्रमाणपत्रानंतर निदान पाच वर्षं जाहीर व्हावा. घराघराची बिलं नकोत, इमारतीची बेरीज पुरे.

6. यापुढे सार्वजनिक पैशातून बांधल्या जाणाऱ्या कोणत्याही घराच्या, शाळेच्या वा दवाखान्याच्या अंदाजपत्रकातून छताचं उष्णतारोधक काम वगळता येऊ नये. निधी कमी पडला तर दुसरं काहीतरी कापा.

7. नगररचना विभागातल्या अभियंत्यांना हे तपासायला माणसं आणि प्रशिक्षण द्यावं, नाही तर आणखी एक शिक्का आणि आणखी एक प्रमाणपत्र विकणारा एजंट तयार होईल. ही भीती मी धंद्यातली असल्यामुळे बोलून दाखवते.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना विधिमंडळात जायची गरज नाही. नियमावलीतल्या फेरबदलाची जाहीर सूचना, हरकती-सूचनांचा महिना आणि अंतिम अधिसूचना, एवढी वाट आपल्या विभागाने यापूर्वी कितीतरी वेळा तुडवली आहे, बहुतेकदा चटईक्षेत्र वाढवण्यासाठी. पुढच्या हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रालय नागपुरात येईल तेव्हा इथली हवा छान असते, त्या हवेत हा विषय विसरू नये. या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवू नका, जाहीर द्या. नियमावलीत काय घेणार, कधी घेणार, आणि काय घेणार नाही तर का, एवढं त्यात असावं.

आपली,
नागपुरातली एक एस्टिमेटर

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या आणि सध्या घर शोधत असलेल्या वाचकांसाठी: नियम येईल तेव्हा येईल. तोवर सॅम्पल फ्लॅटमध्ये उभं राहून चार प्रश्न विचारा. बाहेरची भिंत कशाची आणि किती जाडीची? वरच्या स्लॅबवर कोब्याशिवाय काय आहे? ही खिडकी पूर्ण उघडून दाखवा. आणि एसीचं बाहेरचं यंत्र कुठे बसणार, तिथे माणूस कसा पोचणार? सेल्समनला उत्तर येत नसेल तर साइट इंजिनिअरला बोलवायला सांगा. त्याला येतं.